सातवी पाकळी

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका पस्तीस वर्षं क्रोशाकाम करतात. त्यांच्या पुढाकाराने एका वाचनालयाच्या भिंतीसाठी तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असा सामूहिक भित्तिपट विणला जातो आहे. गटात २८ जण आहेत आणि निम्म्याहून जास्त जणांनी क्रोशाची सुई यंदाच पहिल्यांदा हातात धरली. प्रत्येक चौकोन १५ सेंटिमीटरचा आणि मध्ये एक फूल, असं ठरलं होतं. एकूण २६० चौकोन हवेत, १३० आले आहेत. आलेले चौकोन मात्र कुठे १३ सेंटिमीटरचे, कुठे १८. काही वाटीसारखे वळलेले, काहींच्या कडांना चुण्या पडलेल्या. पत्रलेखिकेने कोणाला न सांगता त्यातले अकरा उसवले आणि त्याच लोकरीतून नीट विणून परत गठ्ठ्यात ठेवले. गटातल्या सर्वांत वयस्कर आजींनी आपला चौकोन उचलला, उलटसुलट केला, "माझ्या फुलाला सात पाकळ्या होत्या" एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या दोन शनिवारी आल्या नाहीत. पट लावायला आठ आठवडे उरले आहेत. पत्रलेखिका विचारतात: आजींना खरं सांगू का? सांगितलं तर बाकीच्या दहा जणांचं काय? आणि एवढ्या वेगवेगळ्या हातांचं काम चांगलं दिसणार तरी कसं? "वाईट दिसलं तर लोक हसतील, आणि नाव माझंच जाईल."

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना आजींच्या बाजूने राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही दिसलात: घरातले सगळे झोपल्यावर दिव्याखाली बसून दुसऱ्याचं फूल उसवणाऱ्या, आणि हे सगळ्यांच्या भल्यासाठीच चाललंय असं स्वतःला समजावणाऱ्या. अकरा चौकोन म्हणजे निदान पंधरा-वीस तासांचं काम. एवढे तास कोणी नुसत्या तोऱ्यापायी घालवत नाही. तुम्हाला तो पट मनापासून सुंदर व्हायला हवाय. ते धरूनच पुढचं लिहिते, थोडं टोचलं तरी.

आधी आजींचं बोलू, कारण दोन आठवडे तिथेच गेले आहेत.

"कोणाला कळणार नाही असं वाटलं," हे तुमचं वाक्य वाचून मला खरंच नवल वाटलं. इतकी वर्षं विणणाऱ्या बाईला तरी हे माहीत असायला हवं! आपल्यासारख्यांचे हात आपोआप चालतात. टीव्ही बघता बघता चार फुलं होतात आणि कुठलं कधी विणलं ते आठवतही नाही. नव्या माणसाचं तसं नसतं. साखळीचं वर्तुळ जोडताना सुई कुठल्या टाक्यात घालायची यावर पाच मिनिटं जातात. खांब, म्हणजे उभे टाके, मोजायचे, चुकले की उसवायचे, परत मोजायचे. एका पाकळीत चार खांब पडले, दुसरीत पाच, आणि घेर पुरा होईना म्हणून सातवी पाकळी घालावी लागली. त्या फुलाचा इतिहास आजींना टाक्याटाक्यासकट पाठ असणार. तुम्ही परत ठेवलेलं फूल त्यांच्याच रंगाचं, त्यांच्याच लोकरीचं आणि त्यांच्यापेक्षा सुबक होतं, म्हणून तर ते लगेच ओळखू आलं.

शिवाय लोकरही चुगली करते. क्रोशात सगळं काम शेवटच्या एका फासावर उभं असतं. तो मोकळा करून दोरा ओढला की तासाभराचं फूल दहा सेकंदांत सरसर उसवतं. पण उसवलेला दोरा सरळ होत नाही, कुरळा राहतो; ज्या ज्या टाक्यात तो वळला होता ते वळण त्याच्यात टिकून असतं. लडी करून, वाफ देऊन किंवा ओली करून वाळवल्याशिवाय ते जात नाही. घाईत तशाच कुरळ्या दोऱ्याने विणलं, तर नवं काम बोटांना किंचित खडबडीत लागतं. आजींनी चौकोन उलटसुलट केला असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, पाकळ्या मोजायच्या आधीच त्यांच्या बोटांना ते कळलं असावं.

तेव्हा सांगू का, हा प्रश्न आता उरलेला नाही. त्यांना माहीत आहे. तुम्ही गप्प राहिलात तर "आपलं फूल टाकाऊ होतं आणि ते तोंडावर सांगण्याइतकीही आपली किंमत नाही" असाच अर्थ त्या काढतील. कदाचित काढूनही झाला असेल. त्यांच्याकडे जा, एकट्या जा. फोनवर नको, गटासमोर तर नकोच, कारण चारचौघांत माफी मागितली की समोरच्याला "असू दे, असू दे" म्हणावंच लागतं. आणि माफी मागताना त्या फुलात काय चुकलं होतं ते सांगत बसू नका. "तुमच्या चौकोनाला चुण्या पडल्या होत्या म्हणून मी..." असं वाक्य तोंडात आलं तर गिळा. मी तुम्हाला न विचारता तुमचं काम उसवलं, ते मी करायला नको होतं, आणि ते फूल मी परत आणू शकत नाही. एवढं पुरे आहे. त्या रागावल्या तर रागावू दे. पुन्हा येणार नाही म्हणाल्या तर त्याच दिवशी मनधरणी करू नका. त्यांच्या वाटणीची लोकर आणि सुई मात्र घेऊन जा आणि ठेवून या.

आता बाकीचे दहा. इथे मीही जरा घुटमळले. त्यांना कळलेलं नाही, त्यामुळे सांगून आपण आपलं ओझं उतरवतो आणि त्यांच्यावर टाकतो, असं एक मन म्हणतं. पट लागेपर्यंत थांबावं, नंतर सांगावं, असाही एक मार्ग दिसतो. पण जरा चित्र डोळ्यांसमोर आणा. भित्तिपट लागला आहे, त्या दहांतला एक जण घरच्यांना घेऊन आलाय आणि बोट दाखवून सांगतोय, "तो निळा माझा." तुम्ही शेजारीच उभ्या आहात. तेव्हा तुम्हाला काय वाटेल? आणि त्यानंतर सांगितलंत तर त्याला काय वाटेल? म्हणून माझं मत असं, की आत्ताच सांगा. दहाही जणांना, एकेकाला, या आठवड्यात. सांगताना प्रत्येकापुढे एक खरी निवड ठेवा: हा चौकोन तसाच राहू दे, की तुम्हाला पुन्हा स्वतः विणायचा आहे? काही जण हसून म्हणतील, बरं झालं, राहू दे. काहींना वाईट वाटेल. एक-दोघं आजींसारखे गप्प होतील. हे सगळं आठ आठवड्यांत मार्गी लागू शकतं. पट भिंतीवर चढल्यावर लागणार नाही.

हे झालं निस्तरणं. तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे, आणि त्याच्या मुळाशी तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: सामूहिक काम चांगलं असलं तर ते एकाच हाताने केल्यासारखं दिसतं. मला यातच गडबड वाटते. एकाच हाताने केल्यासारखं हवं होतं, तर अठ्ठावीस हात कशाला बोलावले?

क्रोशाचं एक फार मोठं सामूहिक काम बघा. मार्गारेट आणि ख्रिस्तीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये क्रोशाची प्रवाळबेटं विणायला सुरुवात केली. पुढे जगभरातल्या गावांनी, संग्रहालयांनी आपापली बेटं विणली. हजारो हात त्यात आले. जर्मनीतल्या बाडेन-बाडेनमध्ये २०२२ साली मांडलेल्या एका बेटात सुमारे ४,००० जणांनी पाठवलेले ४०,००० च्या वर तुकडे होते. एवढ्यांमध्ये निष्णातही असणार आणि तुमच्या आजींसारखे पहिल्यांदा सुई धरणारेही. ते बेट विस्कळीत दिसत नाही. खऱ्या प्रवाळासारखं दिसतं, कारण खरं प्रवाळही असंच असतं, एकासारखं दुसरं नाही.

आणि या प्रवाळाच्या मुळाशी काय आहे, माहिती आहे? तुम्ही ज्याला दोष म्हणून उसवलंत, नेमकं तेच. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिन्या यांना अतिपरवलयी (हायपरबोलिक) पृष्ठभाग, म्हणजे सपाट न राहता झालरीसारखा वळत जाणारा, विद्यार्थ्यांच्या हातात देता येईल असा हवा होता. कागदाचे नमुने लगेच फाटायचे. त्यांनी क्रोशाची सुई घेतली आणि ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेल्या. सपाट राहायला जेवढे लागतात त्याहून जास्त टाके पडले, की कडेला जागा पुरत नाही आणि विणकामाला चुण्या पडतात. त्या चुण्यांच्या झालरीत भूमिती होती. टाके कमी पडले की उलटं होतं, काम वाटीसारखं आत वळतं. म्हणजे तुमच्या गठ्ठ्यातल्या वळलेल्या आणि चुण्या पडलेल्या चौकोनांत नेमकं काय झालं ते सांगता येतं: फेरीगणिक वाढ कमी पडली किंवा जास्त झाली. आता हे तुम्हाला मी सांगायला नको. माझा पहिला रुमाल इतका वळला होता की घरी त्याची टोपी म्हणून थट्टा झाली, आणि माझ्या शिक्षिकेने तो उसवू दिला नाही. तो कुठे गेला कोण जाणे. पण वाढ कुठे घालायची हे मी त्यानंतर विसरले नाही.

म्हणून सगळंच चालतं असं मात्र मी म्हणत नाहीये. तुमची नजर पस्तीस वर्षांनी घडवली आहे, ती गटाच्या उपयोगी पडलीच पाहिजे. फक्त ती कुठे लावायची ते ठरवू. गठ्ठा पुढ्यात घ्या आणि प्रत्येक चौकोनाला आधी एवढंच विचारा: हा टिकेल का? ज्याची दोऱ्याची शेपटी अर्ध्या इंचावर कापली आहे, ज्याचं मधलं वर्तुळ सैल होऊन भोक पडतंय, तो उद्या भिंतीवर सुटणार. ते दुरुस्त करायलाच हवं, आणि ज्याचं आहे त्याला शेजारी बसवून करा. त्यालाही शेपटी वीतभर ठेवायची आणि सुईने मागून दोनदा उलटसुलट ओवायची हे कळेल. टिकणारा असेल पण मापात बसत नसेल, तर त्याचा उपाय फुलात नाही, कडेत आहे. त्याबद्दल पुढे लिहिते. आणि टिकतोय, बसतोय, पण तुम्हाला आवडत नाहीये, तर हात खाली ठेवा. सातवी पाकळी याच ढिगातली होती.

मापाचा गोंधळ मात्र खरा आहे आणि त्याचा दोष शिकाऊंवर टाकू नका. सगळ्यांना एकच लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई दिलीत, म्हणजे माप एक येईल असं धरलंत. येत नाही. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल, आणि "जरा सैल विण" असं सांगून हात बदलत नाही. दोन फेऱ्यांनंतर तो पुन्हा मूळ पदावर येतो. बदलायची ती सुई. घट्ट हाताला साडेचारची द्या, सैल हाताला साडेतीनची. एवढ्याने तुमचा अर्धा फरक गळून पडेल.

पण आलेल्या १३० चं काय? तुम्ही १५ चं माप धरून बसला आहात, म्हणून १८ चे चौकोन तुम्हाला गुन्हेगार वाटतात. मोठ्याला लहान करता येत नाही, लहानाला मोठं करता येतं. मापच १८ करा. १३ च्या चौकोनाभोवती खांबाच्या दोन फेऱ्या येतील, १५ च्याभोवती खांबाची एक आणि मुक्या खांबाची, म्हणजे बुटक्या टाक्याची, एक, आणि १८ चा तसाच जोडला जाईल. या सगळ्या फेऱ्या एकाच रंगात घाला, आणि जोडही त्याच रंगाचा. पांढरट, राखाडी, गडद निळा, जो गटाला रुचेल तो. कुठे रुंद चौकट, कुठे अरुंद आणि आत वेगवेगळी फुलं, असं ते दिसेल, आणि चौकटीचा एकच रंग सगळ्याला बांधून घेईल. तुम्हाला हवा तो एकजिनसीपणा तिथून येईल, आणि तिथे तुमचा सफाईदार हात पूर्ण वापरा. कडेच्या फेऱ्यांना चार-पाच अनुभवी विणकरांची एक तुकडी करा, तुम्ही तिच्या प्रमुख. इथे हवं तेवढं काटेकोर व्हा.

आणि जरा हिशेबही बघा. १८ च्या मापाने आडवे सोळा आणि उभे दहा, म्हणजे १६० चौकोन पुरतात. जोडाला आणि ताणाला जागाही उरते. तुमच्याकडे १३० आहेत. उरले तीस. अठ्ठावीस जणांत माणशी एक, आणि दोन तुमचे. आठ आठवड्यांची धास्ती तुम्ही उगाच घेतली होती.

चौकोनांच्या चौकटीत न बसणारे तुकडे आले, कोणी पान आणलं, कोणी नुसतंच वेडंवाकडं फूल, तर तेही घ्या. यालाही जुनी वाट आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये दुष्काळाच्या वर्षांत क्रोशाच्या लेसवर कित्येक घरं जगली. तिथे कोणी गुलाबच विणायचं, कोणी पानंच. मग ते सुटे नग कापडावर उलटे टाचून मधली जागा साखळ्यांच्या जाळीने भरली जायची. नग लहान-मोठे असले तरी बिघडत नसे, कारण जाळी हवी तेवढी पसरते. तुमच्या पटाची वरची किंवा खालची पट्टी अशी केली, तर ज्यांना चौकोन जमतच नाहीत त्यांचीही सोय होते. जाळी भरायला मात्र सरावाचा हात लागतो. तो तुमच्याकडे आहे.

धुऊन, ताणून, टाचून वाळवणं ही पायरी गाळू नका. सुरकुतलेला चौकोन त्याने पुष्कळ सुधारतो. लोकर शुद्ध असेल तर ओली करून टाचा. ॲक्रिलिक असेल तर वरून वाफ द्या, पण इस्त्री टेकवू नका. टेकली की दोरा चपटा होऊन लोंबतो आणि ते पुन्हा सुधारत नाही. जोडलेला पट पंधरा दिवस आधी कुठेतरी टांगून बघा. क्रोशाचं काम स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं, मधोमध झोळ येतो. मागे जाळीचं किंवा जाड कापडाचं अस्तर लावा, प्रत्येक चौकोन चार कोपऱ्यांत त्याला टाचा, आणि वरच्या कडेला दांडी घालायला बोगदा शिवा. भित्तिपटाची शोभा जाते ती बहुधा या झोळाने. सातव्या पाकळीने कोणाचा पट बिघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

"लोक हसतील." कोण लोक? वाचनालयात येणारा माणूस सहा-सात फुटांवरून बघणार. तिथून रंग दिसतात, ओळी दिसतात, चौकट दिसते. तुम्ही ते काम वीतभर अंतरावरून, दिव्याखाली, चष्मा लावून तपासता आहात. पट अर्धा जोडून झाला की एकदा समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहा. तिथून जो चौकोन खरोखर खुपतो, तो आहे त्याच जागी हवा का, एवढंच ठरवा. शेजारचे दोन बदलले तर बहुतेक वेळा खुपणं थांबतं. मांडणी करायची सगळ्यांनी मिळून, असा हट्ट मात्र धरू नका. अठ्ठावीस जणांनी मांडणी केली तर दिवस जाईल आणि भांडण होईल. तीन जण करा, आणि कोण तीन ते आधी सांगा. मला वाटतं, त्यात एक शिकाऊ असावा.

तुमच्यासारखाच घाट घालू पाहणारे इतर वाचक असतील, तर त्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. नियम थोडे ठेवावेत, पण जे ठेवाल ते मोडायचे नाहीत, आणि दिलेल्या तुकड्याचं पुढे काय होणार हे देणाऱ्याला आधीच सांगावं: कडेला फेरी घातली जाईल, धुतला जाईल, कुठे लागेल ते मांडणीवाले ठरवतील, पण विचारल्याशिवाय उसवला जाणार नाही. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड गोधडीचा मुख्य नियम मापाचा होता: प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढा. त्यात काय शिवायचं, कसं शिवायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी सुबक भरतकाम केलं, कोणी कपड्यांचे तुकडे कसेबसे टाचले. असे आठ तुकडे जोडले की बारा फुटांचा चौरस होतो. त्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. यातला कोणता तुकडा कोणी रात्री बसून सुधारावा असं वाटेल का तुम्हाला?

अजून एक विचारते, रागावू नका. तुम्हाला मनातून एकटीचं काम करायचं आहे का? पत्रात तुम्ही पाच ठिकाणी "माझा पट" लिहिलंय आणि एकदा "आमचा". स्वतःची मोठी कलाकृती करावीशी वाटणं यात काही वावगं नाही. पस्तीस वर्षांच्या हाताला तेवढी भूक असणारच. तसं असेल तर दुसरी भिंत शोधा आणि ती एकटीने विणा, किंवा मदतनीस घ्या पण सरळ सांगून घ्या: रचना माझी, मी सांगेन तसे नग विणायचे, न जमलेले परत येतील, आणि कामाचा मोबदला मिळेल. तो व्यवहार स्वच्छ आहे. घोटाळा होतो तो "हे आपल्या सगळ्यांचं" असं सांगून बोलावायचं आणि आतून एकटीचं चालवायचं, यात. हा पट मात्र आता अठ्ठावीस जणांचा झाला आहे, तो एकटीचा करता येणार नाही.

आणि सगळं तुम्हीच का करताय? लोकर वाटणं, गुंडे करणं, शिकवणं, मोजणं, तपासणं, रात्री उसवणं. गटात असे लोक असतातच ज्यांना विणण्यापेक्षा टाचायला, शेपट्या ओवायला, वहीत नोंदी ठेवायला जास्त आवडतं. त्यांना ते काम द्या. तुमच्याकडे वेळ उरला तर शनिवारी पहिला अर्धा तास शिकाऊंच्या शेजारी बसा, त्यांची सुई हातात न घेता. हे फार अवघड जातं, मला माहीत आहे. माझ्या मांडीखाली हात दाबून बसायची वेळ आली होती.

नावांचंही आत्ताच लावून टाका. येणाऱ्या प्रत्येक चौकोनाला कापडी चिठ्ठी: क्रमांक आणि नाव. पट जोडला की कोणता क्रमांक कुठे आहे त्याचा एक नकाशा काढा आणि पटाशेजारी सगळ्यांच्या नावांसह लावा, अक्षरानुक्रमे. तुमचं नावही त्याच यादीत, त्याच आकारात. खाली हवं तर वेगळी ओळ: संयोजन, कडा आणि जोडणी कोणी केली. तुमचं श्रेय लपवू नका. ते काम मोठं आहे आणि ते खरोखर तुमचं आहे.

आजी परत आल्या, तर नवं फूल त्यांना जमेल तसं विणू द्या, पाकळ्या कितीही होवोत. गठ्ठ्यात पडलेल्या त्या सहा पाकळ्यांच्या फुलाचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा. लावायचं म्हणाल्या तर लावा, नको म्हणाल्या तर बाजूला ठेवा. लावलंत तर मागच्या चिठ्ठीवर नाव तुमचं लिहा. ते तुम्ही विणलंय.